धुराड्याची चहाडी

रविवार, २८ सप्टेंबर १९४७. पिट्सबर्ग.

आजपासून मी, टेओफिल व्रोना, वय अठ्ठेचाळीस, वॉलपेपर पुसणारा, ही वही लिहायला घेतोय. डायरी लिहिणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे हे मला ठाऊक आहे. पण येत्या बुधवारपासून या शहरात घरच्या धुराड्यातून धूर काढणं गुन्हा ठरणार आहे. उद्या कोर्टात उभं राहायची पाळी आलीच, तर माझ्याकडे तारीखवार लेखी पुरावा असावा.

"कसला पुरावा?" पोलाने विचारलं. पोला म्हणजे माझी बायको, अपोलोनिया.

"अन्यायाचा."

"बरं. मग वाण्याकडून काय काय आणायचं तेही मागच्या पानावर लिहीत जा. वही वाया नको जायला."

पुराव्यासाठी धंद्याचीही नोंद करतो. कारखान्यांचा आणि घराघरांतल्या भट्ट्यांचा धूर आमच्या भिंतींवर बसतो. वसंतात आणि हिवाळ्याआधी गावातल्या बायका घर साफसफाईला काढतात आणि मला बोलावतात. पीठ, मीठ, मोरचूद आणि घोटभर रॉकेल मळून मी गोळा करतो आणि भिंतीवरून वरून खाली ओढतो. काजळी गोळ्यात येते, कागद नवा दिसतो. पोलाचं म्हणणं, रॉकेलचा वास तिच्या पिरोगींना, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांना, लागतो. बावीस वर्षांत मला कधी लागला नाही.

आता धूर नाही तर काजळी नाही, आणि काजळी नाही तर मला विचारतंय कोण? तेव्हा मी तळघरात तीन टन जुना काळा कोळसा भरून घेतला आहे. कायदा सांगतो तो महागडा बिनधुराचा कोळसा माझ्या घरात येणार नाही. मी धुराच्या बाजूने आहे, असं मी आज जेवताना जाहीर केलं. पोला तेव्हा खोकत होती, त्यामुळे तिने ऐकलं की नाही कळलं नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

कायदा लागू झाला. सकाळी अकराला रस्त्यावरचे दिवे लावावे लागले, नेहमीसारखा काळोख. मी दारात उभा राहून छाती भरून श्वास घेतला. फार बरं वाटलं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

मिसेस पेटिग्रूंचा दिवाणखाना पुसला. बंगला मोठा, बाई विधवा, आणि हिशेबाला पक्क्या. दर वेळी म्हणतात, "मिस्टर व्रोना, यंदा एवढं काही काळं नाही झालेलं, राहू दे." मग मी माझी युक्ती करतो. सोफ्याच्या बरोबर वर, हातभर चौकोन पुसतो आणि चहा घ्यायला बसतो. तो चौकोन उरलेल्या भिंतीकडे बोट दाखवायला लागतो. चहा संपायच्या आत बाईंचा धीर सुटतो. आजही सुटला.

निघताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बहुतेक तुमची गरज लागायची नाही, नाही का?" असं गोड बोलून माणसाच्या पोटावर पाय द्यायचा!

रविवारी चर्चमधून येताना आमच्या टेकडीच्या पायऱ्या चढत होतो. पोला हल्ली प्रत्येक वळणावर थांबते आणि कठड्याला धरून खालची नदी बघत बसते. मी बघितलं, नदी नव्हतीच, सगळा धूर. "काय दिसतंय तुला?" विचारलं. तिने आधी कठड्यावरचा हात बदलला. मग म्हणाली, "छान दिसतंय." तिला निसर्गाची एवढी आवड कधीपासून लागली कोण जाणे.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

पहिली नोटीस! धूर-खात्याचा इन्स्पेक्टर आला होता, डन्लेव्ही नावाचा, टोपी हातात घेऊन. माझ्या धुराड्याविरुद्ध तक्रार आली म्हणे. कोणी केली ते सांगायला तयार नाही.

माणूस तसा सभ्य. पोलाने त्याला खसखशीचा केक दिला. स्वयंपाकघरात बसताना त्याने समोरची खुर्ची सोडून मुद्दाम खिडकीजवळची ओढून घेतली. समोरच्या खुर्चीचा पाय डुगडुगतो. नुसतं बघून हे ओळखलं त्याने! सरकारी नोकरीत एवढी तेज नजर मी पहिल्यांदाच पाहिली.

"मिस्टर व्रोना," तो म्हणाला, "मिसेसचा तरी विचार करा."

"मिसेस माझ्याच बाजूने आहे," मी म्हटलं. पोला केक कापत होती. तिने त्याला आणखी एक तुकडा वाढला.

शनिवार, १ नोव्हेंबर

खबऱ्या शोधून काढायचाच. संशयित क्रमांक एक, लुड्विक. हा पोलाचा भाऊ, पोलाद कारखान्यात क्रेन चालवतो, दोन घरं सोडून राहतो. त्याने पहिल्याच आठवड्यात बिनधुराचा कोळसा घेतला. आज पत्ते खेळताना मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हटलं, "आपल्यात एक चहाडखोर आहे."

लुड्विकने पोलाकडे बघितलं. पोलाने लुड्विकच्या पानांकडे बघितलं. मग दोघंही खो खो हसायला लागले. पोलाला तर हसता हसता एवढी उबळ आली की तिला पाणी द्यावं लागलं. भावाबहिणींचं हे असंच. यांच्यात गंभीर विषय काढायची सोय नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

दुसरी नोटीस. आणि काय हा नेमकेपणा! "पहाटे पाच चाळीस ते सहा दहा, दाट काळा धूर." लोक झोपेत असताना भट्टी पेटवावी म्हणून मी मुद्दाम ती वेळ धरली होती. एवढ्या पहाटे गल्लीत जागं कोण असतं? मी असतो, आणि पोला असते. पण पोला बिचारी खिडकीशी बसून बटाटे सोलत असते, तिचं लक्ष घड्याळाकडे.

म्हणजे माणूस दूरवरून दुर्बीण लावून बसतोय. संशयित क्रमांक दोन, मिसेस पेटिग्रू. त्यांच्याकडे दुर्बीण आहे, मी स्वतः पुसली आहे.

गुरुवार, १८ डिसेंबर

परवा बर्फ पडला. आज तिसरा दिवस, आणि तो अजून पांढरा आहे. माझ्या आयुष्यात पिट्सबर्गचा बर्फ दुपारच्या जेवणापर्यंत पांढरा राहिलेला मी पाहिला नव्हता. गल्लीतली माणसं उंबऱ्यात उभी राहून बघतायत. मी आत येऊन बसलो.

वर कहर म्हणजे पोलाने पांढरे पडदे शिवले. आमच्या गावात पांढरे पडदे! मी हसून हसून थकलो. "सोमवारपर्यंत काळे होतील," म्हटलं.

"बघू," ती म्हणाली.

सोमवार, २२ डिसेंबर

पडदे पांढरे.

शुक्रवार, २ जानेवारी १९४८

अजून पांढरेच. ती चोरून धूत असणार.

मंगळवार, २७ जानेवारी

या महिन्यात एकही बोलावणं नाही. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. आज गोळा मळला, सवयीने, आणि मग तो घेऊन काय करायचं ते सुचेना. बसलो नुसता. खरं लिहायचं तर भीती वाटली. माझ्या हाताला दुसरं काहीच येत नाही. भिंत काळी असेल तर मी कामाचा, नाहीतर मी कोण?

पोला येऊन शेजारी बसली. माझ्या हातातला गोळा काढून घेतला आणि तिने स्वतःच थोडा वेळ मळला. मग म्हणाली, "टेओ, तुला कागद चिकटवता नाही का येणार? पुसतोस तो कागद कोणीतरी चिकटवलेलाच असतो ना?"

"मी पुसणारा आहे," मी म्हटलं. "चिकटवणाऱ्यांची जात वेगळी."

ती उठून गेली. मंगळवारी ती चौकातल्या औषधाच्या दुकानात खोकल्याच्या गोळ्या आणायला जाते. दर मंगळवारी. एवढ्या गोळ्या खाते आणि खोकला आहे तसाच. तो दुकानदार फसवतोय हे मी तिला कितीदा सांगितलं.

बुधवार, २५ फेब्रुवारी

तिसरी नोटीस. सतरा मार्चला सुनावणी. उत्तम! मी भाषण लिहायला घेतलं आहे.

हेलेनाचं पत्र आलं. हेलेना म्हणजे पोलाची थोरली बहीण, वर उत्तरेला सरोवराकाठी द्राक्षाच्या मळ्यावर असते. एरवी वर्षाला एक पत्र, या हिवाळ्यातलं हे पाचवं. पोलाने ते वाचून पिठाच्या डब्यामागे ठेवलं. "काय म्हणते?" विचारलं. "हवा चांगली आहे म्हणते," पोलाने सांगितलं. पाच पत्रं, आणि सगळी हवेबद्दल. त्या गावात दुसरं काही घडत नाही वाटतं.

रविवार, ७ मार्च

भाषण पोलाला वाचून दाखवलं. तिने फार मनापासून ऐकलं आणि चांगल्या सूचना केल्या. 'नीच', 'खबऱ्या', 'घरभेद्या' हे शब्द तिने सगळीकडून काढायला लावले. "न्यायाधीशांना आवडत नाहीत असले शब्द," म्हणाली. तिला एवढं कायद्याचं ज्ञान असेल असं वाटलं नव्हतं. 'घरभेद्या'पाशी तर तिचे कान लाल झाले. माझ्यावरच्या अन्यायाची तिला माझ्याइतकीच चीड आहे.

मंगळवार, १६ मार्च

आज काय झालं ते नीट लिहायला हवं.

उद्यासाठी कोट इस्त्रीला दिला होता, तो आणायला चौकात गेलो. येताना म्हटलं, औषधाच्या दुकानात डोकवावं, पोला असेलच, बरोबर येऊ. पोला होती. आतल्या काचेच्या खोक्यात फोनवर होती, दार अर्धं उघडं, माझ्याकडे पाठ.

"हो, आज पहाटेसुद्धा. काळाच. साडेपाचपासून... नाही, गेल्या आठवड्यात चारच दिवस, त्याचं पोट बिघडलं होतं... नाव ना? अहो तेच, नेहमीचं. व्रोना."

फोन ठेवून ती वळली आणि मी दिसलो. मी चवताळलो असेन असं कुणाला वाटेल. मला काही वाटलंच नाही, नुसतं कोणीतरी पायाखालची पायरी काढून घेतल्यासारखं झालं.

"तू?" मी म्हटलं.

"चल घरी," ती म्हणाली. "इथे नको. दुकानदाराला बऱ्याच दिवसांपासून हा तमाशा बघायचा आहे."

पायऱ्या चढायला लागलो. पहिल्या वळणावर ती थांबली, कठडा धरून. मी खाली बघितलं. आज नदी दिसत होती, पूल दिसत होता, पलीकडच्या काठावरचं घरन्‌घर दिसत होतं. पोला मात्र बघतच नव्हती. तिने डोळे मिटले होते आणि तोंडाने श्वास ओढत होती. तेव्हा, इतक्या महिन्यांनी, माझ्या डोक्यात उजेड पडला.

"किती दिवस?" मी विचारलं.

"डॉक्टरला दाखवून दोन वर्षं झाली. शहर सोडा म्हणाला. हेलेनाकडे जाऊन राहा, नाहीतर छातीचं काही खरं नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"धंदा सोडला असता! गाव सोडलं असतं!"

"असतंस," ती म्हणाली. "आणि मग जन्मभर मला ऐकवलं असतंस. मळ्यात खुर्ची टाकून बसला असतास, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पिट्सबर्गच्या काजळीच्या गोष्टी सांगितल्या असत्यास. टेओ, मी ओळखते तुला."

मी इस्त्रीचा कोट या हातावरून त्या हातावर घेतला.

"तेवढ्यात हा कायदा आला. म्हटलं, एकतर धूर जाईल, नाहीतर मी जाईन. सगळं गाव आपापलं धुराडं बंद करत होतं, आणि माझाच नवरा तीन टन कोळसा भरून बसला. भांडून बघितलं असतं, पण तुझ्याशी भांडायलाही दम लागतो. फोनला कमी लागतो."

आणि ती हसली! मला रडू आलं, भर पायऱ्यांवर, आणि खालून दोन बायका पिशव्या घेऊन येत होत्या. बावीस वर्षं मी लोकांच्या भिंती पुसत हिंडलो, आणि माझ्या घरात, माझ्या शेजारी, हिच्या छातीत काय बसतंय ते मला दिसलं नाही. वर मीच पहाटे उठून त्यात भर घालत होतो. मला माझी शरम वाटते. हे वाक्य मी पुराव्यासाठी लिहीत नाही.

बुधवार, १७ मार्च

न्यायाधीशांनी विचारलं, "काही बोलायचं आहे?" मी भाषण काढलं, पंधरा पानं. परत खिशात घातलं.

"गुन्हा कबूल आहे," म्हटलं. "फक्त एक विनंती. तक्रार करणाऱ्याला कोर्टाने निरोप द्यावा, की पहिल्या दिवसापासून तिचं बरोबर होतं."

"तिचं?" न्यायाधीश म्हणाले. डन्लेव्ही खाली मान घालून टोपी फिरवत होता. मागच्या बाकावर लुड्विक एवढा हसला की शिपायाने त्याला बाहेर नेलं.

दुपारी तळघरातला उरलेला काळा कोळसा मी घमेल्याने उपसून लुड्विकच्या कारखान्याच्या गाडीत टाकला. पोला पायरीवर बसून बघत होती. "सावकाश," म्हणाली. "धूळ उडवू नकोस."

सोमवार, १९ एप्रिल

डॉक्टर म्हणतो, सप्टेंबरपर्यंत थांबू. छाती सुधारली तर ठीक, नाहीतर पुढचा हिवाळा इथे काढायचा नाही. पोलाने हे मला जेवताना सांगितलं, बटाटे महाग झाले म्हणून सांगावं तसं.

मिसेस पेटिग्रूंनी बोलावलं. त्यांना दिवाणखान्यात नवा वॉलपेपर हवा आहे, पांढरा, बारीक निळ्या फुलांचा. पांढरा! गावातल्या दुकानांत पांढरा कागद कधी ठेवतच नसत, आणि आता बायका रांगा लावतात. "तुम्हालाच भिंतीची नस माहीत," म्हणाल्या. मी हो म्हणून बसलो.

शनिवार, २४ एप्रिल

पहिल्या तीन पट्ट्या उलट्या लावल्या. फुलं छताकडून खाली लोंबतायत. मिसेस पेटिग्रूंनी मान तिरकी करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "पाऊस पडतोय का फुलांचा?" काढून पुन्हा लावल्या. खळ माझ्या केसांत गेली.

पोला म्हणते, आता माझी जात बाटली.

रविवार, २० जून

सहा घरं झाली. फुलं सगळी सुलट. पण लक्ष कामात नाही. सकाळी जाग आली की मी आधी पोलाचा श्वास ऐकतो. कालचा चांगला होता. आजचा तितका नाही. ती डोळे न उघडता म्हणते, "मोजून झाले असतील तर चहा ठेव."

शुक्रवार, १० सप्टेंबर

उद्या हेलेना येतेय, द्राक्षांची गाडी घेऊन. पोला उद्या सकाळी डॉक्टरकडे जाणार. "तू येऊ नकोस, तू डॉक्टरशी वाद घालतोस," म्हणाली. मी बरं म्हटलं. माझं ठरलेलं आहे.

शनिवार, ११ सप्टेंबर

सकाळी पोला गेली आणि मी पेटी काढली. चार शर्ट, हिवाळी कोट, खळीचा ब्रश, दाढीचं सामान. मिसेस पेटिग्रूंना चिठ्ठी पाठवली, की वरच्या मजल्याचं काम दुसऱ्या कुणाला द्या. लुड्विकला घराची किल्ली दिली. तो पहिल्यांदाच माझ्यासमोर हसला नाही. मग पेटी दारात ठेवून तिच्यावर बसलो.

साडेअकराला हेलेनाची गाडी आली आणि पाठोपाठ पोला आली. चालत, दुकानातून पाव घेऊन.

"ही पेटी कुणाची?" तिने विचारलं.

"माझी."

"कुठे चाललास?"

"तू जाशील तिकडे. आणि ऐकून घे, मी खुर्ची टाकून बसणार नाही, आणि काजळीचं नावही काढणार नाही. हेलेनाच्या घरात भिंती असतीलच की, त्यांना कागद लावेन. नसतील तर द्राक्षं तोडेन. तुला एक शब्द ऐकवणार नाही, जन्मात नाही."

पोला माझ्याकडे बघत राहिली. हेलेना द्राक्षांची टोपली घेऊन मध्येच उभी, तिला काही कळेना. पोलाने पाव टोपलीवर ठेवला, माझ्या शेजारी पेटीवर येऊन बसली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. आमच्या लग्नातही ती रडली नव्हती.

"अरे गाढवा," म्हणाली, "डॉक्टर म्हणाला, छाती निवळली. इथेच राहा म्हणाला."

"मग हेलेना?"

"मी द्राक्षं द्यायला आले," हेलेना म्हणाली.

किल्ली लुड्विककडून परत आणली. मिसेस पेटिग्रूंकडे दुसरी चिठ्ठी पाठवली. पेटी मात्र अजून उघडलेली नाही. पोलाने बजावलंय, आठवडाभर ती तशीच दारात राहू दे, सगळ्या गल्लीला दाखवायची आहे.